अंश, छेद आणि सुरक्षितता : रुग्णालयाने आपली आकडेवारी कशी वापरावी

महाराष्ट्रातील पन्नास-शंभर खाटांच्या कोणत्याही रुग्णालयात आज आकड्यांचा तुटवडा नाही. बाह्यरुग्ण विभागाची रोजची नोंद, वॉर्डातील रात्रीचा रिपोर्ट, शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर, प्रयोगशाळेतील तपासण्या, औषधभांडाराचा साठा आणि विम्याच्या दाव्यांसाठी भरलेले तपशील यांतून दर महिन्याला हजारो नोंदी तयार होतात. शिवाय भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतील एनएबीएच या मंडळाचे मानांकन ज्यांना मिळवायचे किंवा टिकवायचे आहे त्यांना ठरावीक निर्देशांक मोजावेच लागतात, आणि सरकारी रुग्णालयांना राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके, ‘लक्ष्य’ व ‘कायाकल्प’ यांसाठी तसेच करावे लागते. अडचण त्यापुढची आहे. यांतील बहुतेक आकडे मूल्यांकनाला येणाऱ्या पथकासाठी घाईने जुळवले जातात, फाइलला लागतात आणि पथक परतले की ती फाइल पुढच्या फेरीपर्यंत कोणी उघडत नाही. आकडा रुग्णाच्या उपयोगी पडायचा तर तो नेमके काय मोजतो आणि कशाच्या प्रमाणात मोजतो हे ठरलेले असावे लागते, आणि तो वाचून दुसऱ्या दिवशी कामात बदल करण्याचा अधिकार असलेली व्यक्तीही ठरलेली असावी लागते. संगणकप्रणाली कोणती घ्यावी हा प्रश्न या सगळ्यानंतरचा आहे, पण बहुतेक व्यवस्थापने नेमका तोच आधी सोडवायला बसतात.

काय मोजावे हे ठरवताना अ‍ॅवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली विभागणी अजूनही सोयीची पडते. त्यांनी गुणवत्तेचे मोजमाप रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी करता येते असे दाखवले : अतिदक्षता विभागात किती खाटांमागे एक परिचारिका आहे ही रचना, शस्त्रक्रियेपूर्वीचे प्रतिजैविक चिरा देण्याआधीच्या तासाभरात दिले गेले का ही प्रक्रिया, आणि जखमेत संसर्ग झाला का हे फलित. व्यवस्थापनाला फलिताचे आकडे सर्वांत आवडतात, कारण शेवटी महत्त्व त्यांनाच असते. परंतु लहान रुग्णालयात वाईट फलिते, सुदैवाने, इतकी थोडी असतात की त्यांवरून लवकर काही कळत नाही. प्रक्रियेचे मोजमाप मात्र प्रत्येक रुग्णागणिक मिळते. म्हणून सुरुवात पाच-सहा निर्देशांकांनी करावी आणि त्यांत निम्म्याहून अधिक प्रक्रियेचे असावेत. तीस-चाळीस निर्देशांकांचा तक्ता पहिल्याच वर्षी हाती घेतला तर तो भरण्यातच इन्चार्ज सिस्टरांचा वेळ जातो आणि वाचायला कोणालाच सवड उरत नाही.

निर्देशांक ठरला की पहिली परीक्षा छेदाची असते. शालेय अंकगणितातील ही साधी गोष्ट रुग्णालयाच्या आकडेवारीत किती घात करू शकते याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याच लेखनात सापडते, ज्यांनी रुग्णालयांनी एकसारख्या नमुन्यात आकडेवारी ठेवावी यासाठी आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला. ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या त्यांच्या ग्रंथाच्या १८६३ च्या आवृत्तीत लंडनमधील २४ रुग्णालयांचे १८६१ सालचे मृत्युप्रमाण ९०.८४ टक्के दिले आहे. हा आकडा वर्षभरातील ३,८२८ मृत्यूंना एप्रिलमधील एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या ४,२१४ रुग्णांनी भागून काढलेला होता. अंश वर्षाचा आणि छेद एका दिवसाचा, त्यामुळे लंडनच्या रुग्णालयात गेलेले दहापैकी नऊ जण परतत नाहीत असा अर्थ त्यातून निघत होता. वर्षभरात दाखल झालेल्या सर्वांची संख्या छेदात घेतली असती तर तो कितीतरी पटींनी खाली आला असता. त्या काळातील डॉक्टरांनी यावर टीका केली ती योग्यच होती, जरी काही रुग्णालयांची अवस्था खरोखरच वाईट असल्याचा नाइटिंगेल यांचा मूळ मुद्दा त्याने खोटा ठरत नाही.

आजच्या वॉर्डातही हीच गल्लत होते. लघवीच्या नळीमुळे, म्हणजे कॅथेटरमुळे, होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग हा जवळजवळ प्रत्येक रुग्णालय मोजते असा निर्देशांक आहे. ‘या महिन्यात तीन संसर्ग’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण कॅथेटर किती रुग्णांना किती दिवस होते यावर धोका अवलंबून असतो. म्हणून छेदात कॅथेटर-दिवस घेतात आणि दर हजार कॅथेटर-दिवसांमागे किती संसर्ग झाले ते काढतात. हे कॅथेटर-दिवस महिनाअखेरीस केसपेपर चाळून मोजणे जवळपास अशक्य असते. त्याची सोपी रीत अशी की रात्रपाळीच्या सिस्टरने खाटांची मोजणी करताना, रोज त्याच ठरलेल्या वेळी, किती रुग्णांना कॅथेटर आहे हा एकच आकडा रिपोर्ट बुकातील वेगळ्या रकान्यात लिहावा. महिन्याची बेरीज म्हणजेच त्या वॉर्डाचे कॅथेटर-दिवस. एखाद्या रात्री रकाना कोरा राहिला तर तो दुसऱ्या दिवशी अंदाजाने भरू नये, कोराच ठेवावा आणि किती रात्री कोऱ्या राहिल्या हेही अहवालात सांगावे.

योग्य छेद घेतल्यावरही विचार थांबवून चालत नाही. समजा, एका वॉर्डात महिन्याला १,२०० रुग्ण-दिवस भरतात, ५०० कॅथेटर-दिवसांत ४ संसर्ग होतात आणि दर हजारी ८ येतो. गरज नसलेल्या रुग्णांचे कॅथेटर रोजच्या राउंडमध्ये काढून टाकायचे असे ठरते, कॅथेटर-दिवस २५० वर येतात आणि संसर्ग ३ होतात. प्रत्यक्षात एका रुग्णाचा त्रास वाचला, पण दर हजारी ८ चा १२ झाला, कारण ज्यांचे कॅथेटर काढता आले ते तुलनेने कमी धोक्याचे रुग्ण होते आणि छेदात आता केवळ गंभीर रुग्ण उरले. केवळ हा दर पाहणारे व्यवस्थापन चांगल्या कामाबद्दल वॉर्डाला जाब विचारेल. त्याच संसर्गांना एकूण रुग्ण-दिवसांनी भागले तर दर हजारी ३.३ वरून २.५ पर्यंतची घट दिसते. म्हणून हे दोन्ही दर आणि कॅथेटरच्या वापराचे प्रमाण नेहमी शेजारी-शेजारी ठेवावे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याचे आणि त्यांत १२ नवजात बालके असल्याचे वृत्त आले तेव्हा राज्यभर खळबळ माजली, आणि ती माजणे स्वाभाविकही होते. परंतु अशा आकड्याचा निवाडा करण्यासाठी त्या रुग्णालयात एरवी दिवसाला किती मृत्यू होतात, त्या दिवशी किती रुग्ण दाखल होते, त्यांतील किती जण दुसरीकडून अत्यवस्थ स्थितीत पाठवले गेले होते, किती पदे रिक्त होती आणि औषधांचा साठा काय होता हे ठाऊक असावे लागते. जे रुग्णालय ही माहिती रोज सहज काढू शकत नाही ते आरोप झाल्यावर स्वतःचा बचावही करू शकत नाही आणि आरोप खरा असेल तर तो इतरांच्या आधी ओळखूही शकत नाही.

व्याख्येचा प्रश्न छेदापेक्षा चिवट आहे. मध्यवर्ती शिरेतील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाच्या नोंदी इंग्लंडमधील अतिदक्षता विभाग कशा ठेवतात याचा मेरी डिक्सन-वूड्स आणि सहकाऱ्यांनी विभागांत प्रत्यक्ष बसून अभ्यास केला, तेव्हा एकच लिखित व्याख्या सर्वांच्या हाती असूनही रक्ताचा नमुना कधी पाठवायचा, कोणता संसर्ग नळीचा धरायचा आणि नोंद कोणी करायची हे विभागागणिक बदलत असल्याचे २०१२ मध्ये त्यांनी मांडले. त्यात लबाडी क्वचितच होती. काम करण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या इतकेच. जो विभाग रक्ताचे कल्चर फार कमी पाठवतो त्याचा संसर्गदर कागदावर उत्तम दिसतो, हे लक्षात ठेवून संसर्गाच्या आकड्याबरोबर किती कल्चर पाठवले गेले तेही पाहावे.

शस्त्रक्रियेच्या जखमेतील संसर्गाबाबत आपल्याकडे आणखी एक खाच आहे. हा संसर्ग शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि सांध्यात किंवा हाडात कृत्रिम भाग बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत, मोजण्याची रीत आहे. पण रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो, टाके गावातल्या डॉक्टरकडे काढून घेतो आणि जखम चिघळली तरी एसटीचा प्रवास टाळण्यासाठी तिथेच ड्रेसिंग करत राहतो. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये मात्र शून्य राहतो. यावर उपाय फोनचाच आहे. डिस्चार्ज कार्डावर रुग्णाचा आणि घरातील दुसऱ्या एका व्यक्तीचा क्रमांक घ्यावा, तिसाव्या दिवशी एका ठरावीक परिचारिकेने फोन करून जखमेतून पू आला का, टाके उसवले का, कोणी प्रतिजैविक दिले का असे मोजके प्रश्न साध्या मराठीत विचारावेत, आणि फोन न लागलेल्यांची संख्या अहवालात स्वतंत्र दाखवावी. असे केल्यावर पहिल्या काही महिन्यांत संसर्गदर वाढलेला दिसेल, तो वाढलेला नसून आता कुठे दिसू लागलेला असतो, ही कल्पना संचालक मंडळाला आधीच द्यावी.

शून्याविषयी आणखी एक सावधगिरी. वर्षात ६० सिझेरियन झाली आणि एकाही जखमेत संसर्ग आढळला नाही, तर खरा दर शून्य आहे असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्रातील एक ढोबळ नियम असा की एकही घटना न आढळल्यास तीनला एकूण संख्येने भागावे, म्हणजे खऱ्या दराची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा मिळते. येथे ती ५ टक्के येते.

आकडे महिन्याच्या महिन्याला कसे वाचावेत याबाबत सर्वांत जास्त वेळ वाया जातो. मागच्या महिन्यात रुग्ण खाटेवरून किंवा संडासात पडण्याच्या ४ घटना होत्या, या महिन्यात ७ झाल्या, की बैठकीत ‘पंचाहत्तर टक्के वाढ’ असा शब्दप्रयोग होतो, मेमो निघतात, आणि पुढच्या महिन्यात घटना ३ वर आल्या की मेमोचा गुण आला असे सर्वांना वाटते. वॉल्टर शुहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल कंपनीतील कारखानी उत्पादनासाठी जो नियंत्रण-आलेख तयार केला तो नेमका हाच भ्रम टाळण्यासाठी होता, आणि रुग्णालयाला तो चौकटीच्या कागदावरही काढता येतो. घटनांची मासिक सरासरी ४ असेल तर तिचे वर्गमूळ २, त्याची तिप्पट ६, म्हणून वरची मर्यादा ४ अधिक ६, अर्थात १०. रुग्णसंख्या साधारण स्थिर असताना ७ हा आकडा निव्वळ नेहमीच्या चढउतारात बसतो आणि त्याच्यासाठी खास कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो. मर्यादेबाहेर गेलेला एकच बिंदू, किंवा सलग आठ महिने सरासरीच्या एकाच बाजूला राहिलेले बिंदू, हे मात्र काहीतरी बदलल्याचे लक्षण मानावे. सरासरी ४ सुद्धा रुग्णालयाला मान्य नसेल तर उपाय वेगळा आहे : तेव्हा एखाद्या महिन्याचा पंचनामा करण्यापेक्षा वर्षभरातील सर्व घटना एकत्र मांडून त्या कोणत्या पाळीत, कोणत्या खोल्यांत, कोणत्या औषधांवर असलेल्या रुग्णांच्या बाबतीत घडल्या हे पाहावे लागते. चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया किंवा चुकीच्या गटाचे रक्त यांसारख्या अतिदुर्मीळ घटनांना असले आलेख लावू नयेत. तिथे प्रत्येक घटनेची स्वतंत्र तपासणी हाच मार्ग.

जे आकड्यांत मावत नाही ते घटना-नोंदीतून कळते. चूक झाली पण रुग्णाला इजा झाली नाही, किंवा होता होता टळली, अशा प्रसंगांची नोंद हा सुरक्षिततेच्या माहितीचा सर्वांत स्वस्त स्रोत आहे. भारतात इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही शक्तींत मिळते, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट, रुग्णाच्या शरीरात जातात आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एखाद्या सिस्टरच्या हे टोचण्याआधी लक्षात आले आणि तिने तसे लिहून दिले, तर रुग्णालयाला संपूर्ण वॉर्डात एकाच शक्तीचे इन्सुलिन आणि त्याच्याच सिरिंज ठेवण्याचा निर्णय घेता येतो. तिने ते मनातच ठेवले तर तीच कुपी आणि तीच सिरिंज पुढच्या पाळीची वाट पाहत ट्रेमध्ये राहतात. असे लिहून देण्याची हिंमत टिकवायची तर नोंद करणाऱ्याला त्या नोंदीवरून शिक्षा होणार नाही हे लेखी धोरण हवे, फॉर्म अर्ध्या पानाचा आणि मराठीत हवा, नाव लिहिणे ऐच्छिक हवे, आणि वॉर्डातील मावशी-मामांना तोंडी सांगून नोंद करून घेता यायला हवी, कारण ओली फरशी, तुटलेला खाटेचा कठडा आणि एकट्याने उठू पाहणारा रुग्ण आधी त्यांनाच दिसतो. नोंदींची संख्या सुरुवातीला वाढणे हे सुधारणेचे लक्षण समजावे. ती कमी करण्याचे उद्दिष्ट कोणत्याही विभागाला देऊ नये.

उद्दिष्ट दिले की आकडा त्याकडे झुकू लागतो, हे हात-स्वच्छतेच्या बाबतीत फार स्पष्ट दिसते. वही घेऊन कोणी निरीक्षणाला उभे राहिले की सगळेच हात स्वच्छ करतात आणि अहवालात ९५ टक्के पालन नोंदले जाते. याची पडताळणी औषधभांडारातून करता येते. हातांना चोळायच्या सॅनिटायझरचा खप दर हजार रुग्ण-दिवसांमागे किमान २० लिटर असावा अशी कसोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटीत आहे, म्हणजे प्रत्येक रुग्णामागे दिवसाला २० मिलिलिटर. एका वेळी ३ मिलिलिटर धरले तर चोवीस तासांत जेमतेम साडेसहा वेळा. ज्या वॉर्डात खप ६ मिलिलिटर आहे तिथे डॉक्टर, सिस्टर आणि तंत्रज्ञ मिळून एका रुग्णामागे दिवसात दोनदाच हात चोळतात असा हिशेब निघतो, आणि साबण-पाण्याचा वापर जमेस धरला तरी ९५ टक्क्यांवर विश्वास ठेवणे कठीण होते.

या सगळ्याचा उपयोग आकड्याला मालक असेल तरच होतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची जी सार्वजनिक चौकशी झाली तिच्या २००१ च्या अहवालानुसार १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक दगावली होती. तिथे माहितीची वानवा नव्हती. अनेक ठिकाणी अनेक नोंदी होत्या, पण त्या पाहून थांबा म्हणणे ही नेमकी कोणाची जबाबदारी आहे हे स्पष्ट नव्हते. याउलट अमेरिकेतील मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने मध्यवर्ती शिरेत नळी घालण्याच्या पाच साध्या नियमांची यादी लागू झाली, नियम मोडला गेल्यास डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला गेला आणि प्रत्येक विभागाला त्याचे संसर्गाचे आकडे नियमित परत कळवले गेले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १०३ अतिदक्षता विभागांतील दर हजार नळी-दिवसांमागील मध्यक २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. यादी आणि आकडे यांच्याइतकेच महत्त्व तिथे परिचारिकेच्या अधिकाराला होते, आणि आपल्याकडे नेमका तोच भाग गाळून यादी तेवढी भिंतीवर लावली जाते. मासिक बैठकीत म्हणून प्रत्येक निर्देशांकापुढे एका व्यक्तीचे नाव असावे, आणि काय बदलायचे व कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच इतिवृत्तात यावे.

आता संगणकप्रणाली. तिच्याबाबतचा सर्वांत कठोर धडा पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाचा आहे, जिथे डॉक्टरांनी औषधांच्या सूचना संगणकातून देण्याची पद्धत सुरू झाल्यावर दुसरीकडून आणलेल्या मुलांमधील मृत्युप्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्ण प्रत्यक्ष पोहोचून नोंदणी होईपर्यंत सूचना देता येत नव्हत्या, आणि पूर्वी खाटेजवळ मिळणारी औषधे मध्यवर्ती औषधालयातून यावी लागत होती. सिअ‍ॅटलच्या एका बालरुग्णालयात तीच प्रणाली बसवली गेली तेव्हा अशी वाढ आढळली नाही, यावरून दोष सॉफ्टवेअरपेक्षा ते कामात कसे बसवले यात होता असे म्हणता येते. खरेदीपूर्वी एका तातडीच्या रुग्णाचा प्रवास दारापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत कागदावर मांडून, नव्या पद्धतीत कोणती पायरी वाढते हे पाहणे म्हणूनच अनिवार्य मानावे.

दुसरी बाब नावांची. मराठी नाव इंग्रजी लिपीत नोंदवताना एकाच स्त्रीची नोंद दोन वेगळ्या स्पेलिंगांनी, एकदा माहेरच्या आणि एकदा सासरच्या आडनावाने, आणि एकदा आडनाव आधी तर एकदा नंतर अशी होते. परिणामी तिला दोन नोंदणी क्रमांक मिळतात आणि पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद जुन्या क्रमांकाखाली राहून जाते. नोंदणी खिडकीवर मोबाइल क्रमांक, जन्मवर्ष आणि असल्यास चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक यांनी आधी शोध घेण्याची सक्ती असावी, आणि दुहेरी नोंदींचे प्रमाण हाही एक निर्देशांक मानून दर महिन्याला काढावा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ लक्षात घेता रुग्णाच्या नावासह रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर टाकण्याची रूढ सवय मोडावी लागेल. गुणवत्तेच्या बैठकीसाठी तयार होणाऱ्या तक्त्यांत तर नावांची गरजच नसते.

पुरवठादाराशी करार करताना सर्व माहिती रुग्णालयाच्या मालकीची राहील आणि करार संपल्यावर ती वाचता येईल अशा साध्या तक्त्यांच्या रूपात परत मिळेल, हे कलम आधी पाहावे. वीज किंवा सर्व्हर गेल्यास वापरायचे छापील ड्रग चार्ट प्रत्येक वॉर्डात ठेवलेले असावेत आणि प्रणाली परत सुरू झाल्यावर त्यांतील नोंदी मूळ वेळेसह कोणी भरायच्या हे ठरलेले असावे. बॅकअप घेतला जातो का असे विचारले तर उत्तर होय असेच मिळते. त्याऐवजी वर्षातून दोनदा तो वेगळ्या संगणकावर उतरवून गेल्या महिन्यातील एखाद्या रुग्णाचा पूर्ण केसपेपर त्यातून उघडतो का, हे गुणवत्ता विभागाने समोर बसून पाहावे.